यात आवाजच नाही

बाबा, परवा एका अनोळखी माणसाचं दोन ओळींचं मत वाचलं आणि मला तुम्ही आठवलात. आठवलात म्हणजे डोळे वगैरे भरून आले नाहीत, हसू आलं. दादाची मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडे राहते, इथे बदलापूरला, तुमच्याच खोलीत. तुमचं कपाट रिकामं करून तिने त्यात स्वतःचे ड्रेस लावलेत. मी सकाळी मोबाइल हातात धरून फिरायला जाते म्हणून तिला काळजी. "आत्या, कोणीतरी खेचून पळेल. गाणी ऐकायला एक छोटा प्लेअर घे ना, स्वस्तात मिळतो," म्हणाली आणि शेजारी बसून मोबाइलवर एकेक दाखवायला लागली. त्यात एक अगदी तेव्हा आपल्या घरी आला होता तसाच निघाला. आगपेटीएवढा, लाल, मागे चिमटा. खाली तो घेतलेल्या लोकांची मतं होती. एक बाई म्हणते, स्वयंपाक करताना ओढणीला लावते, वजनच लागत नाही. एकाला बॅटरी पुरत नाही. एकीने आजोबांना अभंग भरून दिले, आजोबा खूष. आणि मग एक चिडलेला माणूस, पाचपैकी एक स्टार: "फालतू वस्तू. यात आवाजच नाही." मी पोरीला म्हटलं, बघ, तुझे आजोबा वरूनसुद्धा मत देतात. तिला काही कळलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती अगदी लहान होती; तिच्यापर्यंत तुमचा फक्त हार घातलेला फोटो पोहोचलाय, आणि फोटोत तुम्ही गप्प आहात.

गप्प तुम्ही एरवी कधी असायचात? अंबरनाथच्या कारखान्यात तुम्ही प्रेसशॉपचे साहेब होतात. पत्रा कापणारी, ठोकणारी मशीनं दिवसभर धडधडायची आणि तयार माल तुमच्यासमोर यायचा. पास की रिजेक्ट, एवढंच तुम्ही बोलायचात. हेच दोन शब्द तुम्ही संध्याकाळी डब्यासारखे घरी घेऊन यायचात. आईची आमटी रिजेक्ट. दादाने निवडलेली शर्टाची कापडं रिजेक्ट. मी दहावीत शाळेत पहिली आले तेव्हा मार्कशीट उलटसुलट करून म्हणालात, "पास. पण गणित बघ." मला तो दिवस लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी आईने केलेला शिरासुद्धा तुम्ही पास केला होतात. आम्ही तिघं तुमच्या तोंडाकडे बघत जेवायचो. तुम्हीही आमच्या तोंडांकडे बघायचात, फार निरखून. लहानपणी मला वाटायचं, बाबा आपल्यावर किती लक्ष ठेवतात.

मी कॅम्प चारच्या, सिंधी वस्तीतल्या शाळेत शिकवायला लागले आणि शाळेसमोरच्या दुकानात मला तो भेटला. रेडिओ, टॉर्च, इअरफोन, असल्या वस्तूंचं सिंधी बापलेकांचं दुकान होतं, तो त्यातला लेक. हसतमुख माणूस. माझ्याशी मराठी बोलायचा ते निम्मं हिंदीत जायचं, आणि मी दुरुस्त केलं की तो मुद्दाम पुन्हा चुकायचा. आमचं ठरलं तेव्हा मी त्याला म्हटलं, माझ्या बाबांना काय द्यायचं ते विचार करून दे. त्याने खरंच विचार केला. तुम्हाला जुनी भावगीतं आवडतात एवढं माझ्याकडून कळल्यावर त्याने ती कुठून कुठून गोळा केली आणि एका लाल प्लेअरमध्ये स्वतः बसून भरली. तेव्हा सगळ्यांच्या मोबाइलवर गाणी नसायची, त्या प्लेअरची अपूर्वाई होती. आपल्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका माझ्या सांगण्यावरून त्याच्याकडून तो घेऊन आल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "अगं, कमरेला अडकवला की विसरून जावं, मग गुडघे दुखत नाहीत." समोरच्या काकांची तक्रार एवढीच की बटणं बारीक आणि आपली बोटं जाडी. वाईट असं कोणीच म्हणालं नव्हतं. तुमच्या आधी.

तो त्याच्या आईला घेऊन आला तो रविवार होता. त्याच्या आईने मिठाईबरोबर घरी लाटलेले पापड आणले होते. तुम्ही पापड हातात घेऊन उजेडात धरून बघितलात. मी तेव्हाच समजायला हवं होतं. मग त्याने खिशातून प्लेअर काढून दोन्ही हातांनी तुमच्यासमोर धरला. "काका, तुमची आवड के गाने आहेत. ऐकून तर बघा." तुम्ही इअरफोन कानात घातलेत. त्याने बटण दाबलं. तुम्ही बसून राहिलात.

त्या दिवशीची ही खोली मला आत्ताही दिसते. आई पोह्यांची बशी घेऊन दारात उभी आहे. त्याची आई तुमच्याकडे बघून हसते आहे. स्वस्तातले इअरफोन ते, त्यांच्यातून निम्मा आवाज बाहेर सांडायचा. खोलीत बारीक आवाजात तुमचं आवडतं गाणं वाजतं आहे, मला शब्द न् शब्द कळतो आहे. आणि तुम्ही म्हणता, "यात आवाजच नाही." तो पुढे होऊन आवाज वाढवतो. मग आणखी वाढवतो. आता गाणं सगळ्या खोलीला ऐकू येतं, दारातल्या आईलाही येतं, ती बशीतल्या पोह्यांकडे बघते. तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे बघता. माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ. मग इअरफोन कानातून काढता आणि ते टेबलावर गुणगुणत असताना म्हणता, "रिजेक्ट."

त्याला त्याच क्षणी कळलं, बाबा. दिवसभर लोकांच्या कानात इअरफोन घालणारा माणूस तो. पण तो म्हणाला, "पीस खराब निकला होगा, काका. मी बदलून देतो." आपल्या वस्तूला खोटं ठरवून त्याने तुमची लाज झाकली. त्या दिवशी मी त्याच्यावर आधी होतं त्याहून जास्त प्रेम केलं. तुम्ही मात्र ते गेल्यावर पापड कचऱ्याच्या डब्यात टाकलेत आणि म्हणालात, "ज्याचा माल असा, तो माणूस कसा असणार?"

त्याने खरंच बदलून दिला. तुम्ही तोही रिजेक्ट केलात. मग तुम्ही सोसायटीचे चेअरमन या नात्याने मजल्यामजल्यावर फिरलात आणि लोकांचे प्लेअर मागून घेऊन कानाला लावलेत. "तुमचाही मुका आहे. फसवलंय तुम्हाला." मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. गुडघे न दुखणाऱ्या काकू आधी म्हणाल्या, "नाही हो भाऊ, मला तर येतं ऐकू." तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत की त्या म्हणाल्या, "तसा जरा कमीच येतो म्हणा." एका रविवारात अख्ख्या बिल्डिंगचं मत बदललं. सोमवारी तुम्ही ते सगळे लाल प्लेअर पिशवीत भरून त्याच्या दुकानात घेऊन गेलात. मी शाळा सुटून रस्ता ओलांडत होते. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात तुम्ही पिशवी काउंटरवर पालथी केलीत आणि ओरडलात, "तुम्हा लोकांचा सगळाच माल हलका!" तुम्ही किती मोठ्याने ओरडताय हे तुम्हाला माहीत नव्हतं. रस्त्यावरची माणसं थांबली.

तो काही बोलणार होता, पण त्याचे वडील स्टुलावरून उठले. म्हाताऱ्याने एक प्लेअर उचलला, चालू केला, स्वतःच्या कानाला लावला, मग गिऱ्हाइकाच्या कानाला लावला. आणि अगदी शांतपणे म्हणाला, "साईं, मशीन ठीक है. कान दिखाओ डॉक्टर को." सगळं दुकान हसलं. ते हसणं तुम्हाला ऐकू आलं नसेल, पण दिसलं.

झालं. घरी येऊन तुम्ही सांगितलंत की त्यांनी तुम्हाला शिव्या दिल्या. मी म्हटलं, मी तिथे होते, बाबा. तुम्ही म्हणालात, "मग बापाला शिव्या दिल्या तेव्हा उभी राहून बघत होतीस?" आई म्हणाली, "जाऊ दे ना आता." दादाने पेपर वर केला. मी त्या घरात पाऊल टाकलं तर आई माझं तोंड बघणार नाही असं तुम्ही आईच्या वतीने जाहीर केलंत आणि आईने मान हलवली. पुढच्या आठवड्यात तो मला शाळेच्या फाटकाशी भेटला. म्हणाला, "तेरे पापा को मैं झूठा नहीं बोलूँगा. पर मेरे पापा भी झूठे नहीं हैं." मग मुद्दाम न चुकता, स्वच्छ मराठीत म्हणाला, "मी थकलो गं." वर्षाच्या आत त्याचं लग्न झालं. माझ्यासाठी तुम्ही स्थळं बघितलीत आणि एकेक करून रिजेक्ट केलीत. शेवटी मीच मालासारखी पडून राहिले, तुमची औषधं, तुमचं पथ्य, तुमचं सगळं करायला.

शेवटच्या वर्षांत तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. तुम्ही तोंडाकडे बघून शब्द ओळखायचात, आणि ते छान जमायचं तुम्हाला. म्हणून मी गॅसकडे तोंड करून, तुमच्याकडे पाठ करून बोलायला लागले. भाजी परतता परतता मी तुम्हाला सगळं सांगितलंय, बाबा. तुम्ही माझं काय केलंत ते, तुम्ही मरावं असं मला कधी कधी वाटतं ते, त्याला मुलगी झाली ते. तुम्हाला माझे खांदे हलताना दिसायचे. "काय?" म्हणून विचारायचात. मी वळून, तोंड नीट दिसेल असं करून, सावकाश म्हणायचे, "काही नाही." तुम्ही पुन्हा विचारायचात. मी पुन्हा म्हणायचे. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

तुमच्या तेराव्यानंतर आई तांदूळ निवडत बसली होती, आणि ताटात बघतच तिने मला सांगितलं. कारखान्यात सगळ्यांना कानात घालायला बोळे मिळायचे. तुम्ही कामगाराचे साहेब झालात त्या दिवसापासून ते घालणं सोडलंत. बोळे घालून फिरणाऱ्या साहेबाला कोण घाबरणार, असं तुमचं म्हणणं. त्या धडधडाटात तुम्ही उघड्या कानांनी छाती काढून फिरायचात आणि कामगार बघायचे. कंपनीच्या डॉक्टरने कधीच सांगितलं होतं, कान गेले. मी शाळेत असताना. तेव्हापासून बेल वाजली की आई तुमच्या गुडघ्याला हात लावायची, आणि आम्हाला वाटायचं नवराबायकोचं प्रेम. म्हणजे त्या रविवारी तुम्हाला ठाऊक होतं. गाणं वाजतंय हे तुम्ही आमच्या तोंडांवर वाचलंत. मला ऐकू येत नाही एवढे चार शब्द बोलायचे नाहीत म्हणून तुम्ही त्या माणसाला चोर ठरवलंत. मी आईला म्हटलं, मग तू का नाही बोललीस? आईने खडा वेचून बाजूला टाकला. म्हणाली, "मला त्यांच्याबरोबर राहायचं होतं. तू तर जाणारच होतीस."

आता आई दादाकडे असते. मी इथेच आहे, आणि पोरीने मागवलेला तो लाल प्लेअर आज सकाळी घरी आला. तिने त्यात माझ्या आवडीची गाणी भरली, इअरफोन माझ्या कानात घातले, बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून हसली. मी वाट बघितली. लांबून कुठूनतरी काहीतरी खरखरल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आवाज वाढव गं." तिने वाढवला. मी म्हटलं, "आणखी." तिचं हसू जरा अडखळलं. "आत्या, फुल आहे." मी इअरफोन काढून टेबलावर ठेवले. म्हटलं, "हल्ली काही धड बनवत नाहीत. परत पाठव, आणि लिही खाली, एक स्टार. आवाज नाही म्हणावं." ती मोबाइल घेऊन खिडकीशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून टाइप करायला लागली. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मी विचारलं, "काय गं?" ती वळली आणि अगदी सावकाश, तोंड नीट दिसेल असं, म्हणाली, "काही नाही."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही वाचून पास की रिजेक्ट एवढंच म्हणाला असतात. प्लेअर अजून टेबलावर आहे, उद्या परत न्यायला माणूस येईल. प्लेअर बहुधा चांगला असावा, बाबा. पण मत मी बदललेलं नाही.