एकतीस अंगठे

प्रिय आत्या,

चार वर्षांनी लिहिते आहे. बाई गेल्या तेव्हा तू त्यांच्या अंत्ययात्रेला आली नाहीस, म्हणून मी घरी येऊन सगळ्यांदेखत तुला कृतघ्न म्हटलं होतं. हातात नवी कोरी पदवी होती, घरातली पहिली. जीभ जड शब्दांना सोकावली होती. तू एवढंच म्हणालीस, "बालिस्टर, चहा निवतोय." दादांनी मान खाली घातली. मला वाटलं, तुझी, बहिणीची लाज वाटली त्यांना. आता कळतं, लाज माझी वाटली होती.

तुला ठाऊक असेल, मी बाईंच्या स्मारक समितीच्या कार्यालयात काम करते. एक टेबल, तीन लोखंडी कपाटं आणि बाईंच्या सत्तावीस डायऱ्या. जन्मशताब्दीसाठी त्यांचं चरित्र लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी आनंदाने रडले होते. लग्न झालं की शिक्षिकेला नोकरीवरून काढायचे, तो नियम बाईंनी मोडून काढला. जंगलातल्या वस्त्यांवर पायी जाऊन तिथल्या बायकांचं म्हणणं लिहून घेणारी पहिली बाई त्याच. त्यांनी वसतिगृहात घेतलं नसतं तर मी आज हे पत्र लिहू शकले नसते. हे सगळं खरं आहे, आत्या, आणि मी ते मनापासून लिहिलं.

त्यांची शिस्त तर तूच मला लहानपणी सांगायचीस. वस्तीवरच्या बाईने सांगायचं, आपल्या बाईंनी लिहायचं, तू ते आपल्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवायचंस, सांगणारीने मान हलवली की मगच अंगठा. एखादी म्हातारी तिसऱ्यांदा वाचायला लावायची आणि तू म्हणायचीस, "अगं, आता तूच मला म्हणून दाखव, पाठ झालं असेल तुझं." सगळ्या हसायच्या. बाईसुद्धा. डायऱ्यांमध्ये मात्र तुझं नाव एकदाही नाही. वीस वर्षं तू त्यांच्यासोबत चाललीस आणि सगळीकडे फक्त 'दुभाषी' आहे. दुभाषी आली. दुभाषी उशिरा आली.

अठराव्या डायरीत हे सापडलं. "दुभाषीला ताप. जमिनीच्या कागदांवर सही करणाऱ्या साहेबांची उद्या बदली, थांबणे शक्य नाही. एकतीस अंगठे घेतले. वाचून दाखवले नाही. डोंगरावरचा हक्क सोडण्याचे कलम कळले असते तर त्या तयार झाल्या नसत्या. जमीन बायकांच्या नावे होते आहे, हे मोठे. बाकीचे पुढे कळेल त्यांना."

पुढे कळलंच. बायकांच्या नावावर जमिनी झाल्या आणि डोंगर गेला. लाकूडफाटा, मध, गुरांची वाट, सगळ्याला कुंपण पडलं. अंगठे तर बाईंसमोर दिलेले, आणि बाईंचा कागद म्हणजे तू वाचलेला, असंच सगळ्या धरून चालल्या. तू तापाने फणफणलेली होतीस हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मला आठवतं, पाण्यावर तू गेलीस की बायका आपल्या घागरी बाजूला ओढायच्या. मी विचारलं होतं, असं का? तू म्हणालीस, "मी भांडकुदळ आहे ना, म्हणून." मी खरं मानलं. तू बाईंकडे जाऊन भांडलीही असशील. पण चारचौघांत एक अक्षर बोलली नाहीस, कारण मी त्यांच्या वसतिगृहात होते. माझी पदवी होईपर्यंत तू गप्प राहिलीस, आणि पदवी झाल्यावर बोलायला मी तोंड ठेवलं नाही.

डायरीतला तो उतारा मी चरित्रात जसाच्या तसा घातला. अध्यक्ष म्हणाले, "पोरी, शताब्दीला कुणी असलं लिहितं का? त्यांच्याच अन्नावर वाढलीस ना?" मी ताठ राहिले. मग ते हसून म्हणाले, "बरं, राहू दे तुझं पान." मी जिंकले असं समजले. छापखान्याचा माणूस दारात खोळंबला होता, शेवटची मुद्रितं पुढे आली आणि मी वर न बघता सही केली. आत्या, एकतीस अंगठ्यांबद्दल लिहिणाऱ्या मी, वाचून न घेता सही केली. त्या बायकांना अक्षर येत नव्हतं. मला येतं.

काल पुस्तक हातात आलं. ते पान नाही. त्या जागी एक ओळ आहे: "दुभाषीच्या चुकीमुळे काही गैरसमज झाले." वर नाव माझं. आपल्या घरातलं पुस्तकावर छापलेलं पहिलं नाव. वस्तीच्या शाळेला दोन प्रती भेट म्हणून निघाल्या आहेत. त्या पोचण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे. सोबत डायरीतल्या पानाचा फोटो आहे, अक्षर बाईंचंच. गुरुवारी प्रकाशन आहे. मला व्यासपीठावर दोन शब्द बोलायला सांगितलंय, मी हे पान वाचणार आहे. नंतर टेबल आवरून द्यावं लागेल, देईन. पण सभागृहाने ते सगळ्यात आधी ऐकावं असं मला वाटत नाही. एकतीसपैकी ज्या उरल्या असतील त्यांना बोलाव आणि तूच वाचून दाखव, आपल्या बोलीत, मोठ्याने. नाही आल्या, तर पाण्यावर जाऊन वाच. माफी मागायला मी शुक्रवारी येते. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. हे पत्र मी दोनदा मोठ्याने वाचलं आहे, आणि मगच खाली सही करते आहे.

तुझीच,
बालिस्टर