चरबीच्या गोळ्यांची बाटली

ता. १४, मंगळवार

धाकट्या,

आशीर्वाद. घरी ठीक आहे. तुझी वहिनी बरी आहे. तीन पंप दुरुस्तीला उघडून पडलेत आणि मी खुर्चीत. खुर्ची कण्हते, पण तिला सवय आहे.

तुझं औषधांचं दुकान समोरच असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर तू त्या हसून पचवल्या असत्यास.

गेल्या महिन्यात तुला सांगितलं होतं, छातीत मधूनच एक ठोका गळतोय म्हणून. मोटारीला स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग गेलंय ते मला कळतं. स्वतःच्या छातीतलं कळणार नाही? तू छातीवर हात ठेवलास नि म्हणालास, "दादा, गॅस आहे. जेवण आवर." आवरलं. दोन दिवस.

परवा घेरी येऊन जिन्यातच बसलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. मॅग्नेशियम तळाला गेलेलं. म्हणाल्या, "ठोके तालात राहायला ते लागतं. जाड माणसांत बऱ्याचदा आधीच कमी असतं. तुम्ही काही घेता का?" मी ऐटीत तू वजन उतरवायला दिलेली बाटली काढली. वर तुझंच अक्षर: 'चरबीसाठी, सकाळी एक'. बाईंनी गोळी निरखली. "ही लघवी सुटायची गोळी आहे. चरबी नाही, पाणी उतरतंय. त्यासोबत मॅग्नेशियमही."

तरी म्हटलं, बाटली चुकली असेल, माणूसच आहे. विचारायला दुकानात आलो, तर तू खोक्यांआड फोनवर, बायकोशी बोलत होतास.

"अगं, ठोका चुकतो म्हणतोय, पण गोळी बंद केली की वजन परत चढेल. मग रोज काउंटरवर येऊन डोकं खाईल. काटा चार किलो खाली दिसला की दादा खूश. त्याला काय कळतंय?"

पाय न वाजवता बाहेर आलो. माझ्या वजनाच्या माणसाला ते जमतं, हे मलाही नवीन होतं.

माझीही लबाडी लिहितो. बाईंनी वर्षापूर्वीच चालायला सांगितलं होतं. मी गोळीवर भागवलं आणि रोज चालतो म्हणून वहिनीला थापा मारल्या. पण त्या माझ्या पोटाच्या थापा होत्या. तुला माझ्या काळजाचा ठोका चुकतोय हे माहीत होतं.

आता मॅग्नेशियम सुरू केलंय. दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या दुकानातून आणलं. तुझ्या दारावरून जाताना मान माझीच खाली होती.

उद्या ठोक्यांवर नजर ठेवायला दवाखान्यात दाखल करून घेतायत. फॉर्मवर एक ओळ होती, काही झालं तर कोणाला कळवायचं. पेन बराच वेळ अडलं. मग तुझाच नंबर लिहिला. तुझ्याशिवाय मला पाठचं कोणी नाही.

फोन आलाच, तर गोळी जाणूनबुजून दिलीस ते त्यांना खरं सांग. मला सांगू नकोस.

अजून तरी तुझाच,
दादा