मालधक्क्यावरची थप्पी

२४ ऑगस्ट २००३, रवि.
घरच्या गणपतीपुढं यंदा दौंडच्या मालधक्क्याचा देखावा. आठ बाय चारचा प्लाय. पत्र्याचं इंजिन सेलवर पळतं. पण नुसती शेड बोडकी दिसते. वजनकाटा केला, माठ, ताडपत्री, फाटक्या पोत्यातून सांडलेलं खत. कोपऱ्यात माझं कारकुनाचं टेबल, पुठ्ठ्याचं. कुसुम म्हणाली, "हमालांना मिश्या पण काढणार का?" काढल्या.

२८ ऑगस्ट
खताची पोती शिवतोय. सुपारीएवढी, आत वाळू. एक वाकडं बसलं, डोकं फिरलं, कात्री भिंतीवर फेकली. हे डोकं एक दिवस मला खाणार.

३१ ऑगस्ट
गणपती बसले. गल्ली लोटली. हुबेहूब, हुबेहूब. खोटं कशाला, छाती फुगली.

२ सप्टें.
हिरा आली. दगडू हमालाची बायको.
मार्चमध्ये शंकर मुकादमानं पोतं ओढायचा आकडा दगडूच्या मानेत घातला. भरदुपारी, शेडच्या दारात. दगडू त्याची टोळी सोडून निघाला होता, एवढंच. दोनदा घातला. दुसऱ्यांदा आकडा निघेना, तर मानेवर पाय देऊन उपसला. दगडू जागीच गेला. जबाबात मी सांगितलं, पोत्यांची थप्पी आड होती, दिसलं नाही.
हिरा पाया पडली, मग मॉडेलपाशी खाली बसली. पुठ्ठ्याच्या टेबलाजवळ डोळा नेला.
"बाबू, ही त्याच दिसाची थप्पी व्हय?"
शहाणा मी. व्हय म्हणालो.
"ही तर कमरंएवढीच हाय. हितनं दार दिसतंय की."
डोळ्यांनी जे पाहिलं तेच हातांनी लावलं. माझ्या ध्यानातही आलं नाही. प्रसाद न घेता गेली.

३ सप्टें.
इथं तरी खरं लिहितो. दिसलं होतं. दगडूनं माझ्याकडं बघितलं, ते सुद्धा. अटकेआधी, जबाबाच्या आदल्या दिवशी, मुकादम म्हणाला, "वहिनी बाजाराला एकट्याच जातात न्हवं?" झालं. भेकड साला मी. कुसुमला यातलं काही माहीत नाही.
हिरा सरकारी वकिलाकडं गेली म्हणे. दहा तारखेला माझी साक्ष.

६ सप्टें.
डाव्या हातानं लिहितोय.
काल मुकादम आला. जामिनावर आहे. बरोबर त्याचा माणूस, पांड्या. दर्शनाला आलेल्याला नाही कसं म्हणणार. दोघांनी हात जोडले. मग मुकादम मॉडेलकडं बघून, "लई बुटकी झाली थप्पी. वकील बघाया येणार हाय म्हणं. चार थर चढवा."
म्हणालो, चढवणार नाही.
पांड्यानं माझा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार ओढलं. दोन बोटं मोडली. आवाज मलाच ऐकू आला. डाव्या हाताला पुठ्ठा टोचायचं दाभण लागलं, ते मुठीपर्यंत त्याच्या मांडीत घातलं. गुरासारखा ओरडला. खरं सांगू? बरं वाटलं. अजून घालायला हवं होतं. मुकादमानं लाथ घातली, मी तोंडावर पडलो, ओठ फाटला. जाताना म्हणाला, "वहिनींना जपा."
कुसुम स्वयंपाकघराच्या दारात. सगळं ऐकलेलं. दवाखान्याला जाताना रिक्षात म्हणाली, "म्हणजे माझ्या नावावर खोटं बोललात तुम्ही."

७ सप्टें.
प्लास्टर. ठणका जात नाही. कुसुमला म्हणालो, दहाला खरं सांगणार. ती भांडी घासत राहिली.
हिरा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. हाताकडं बघितलं, वळून गेली.

९ सप्टें.
विसर्जन झालं. भीमेवरून आलो तर कुसुम मॉडेलपाशी. मांडीवर पोत्याचं कापड, वाटीत वाळू. तीन दिवस शिवत होती, मला पत्ता नाही. चार थर चढवलेत. माझ्यापेक्षा सुबक.
ओरडलो. प्लास्टरचा हात उगारला. ती हलली नाही.
"मारा. पण मला पांढऱ्या कपाळानं जगायचं न्हाई."
"आन् हिरा?"
"हिराचा गेला. माझा हाय."
वरचा थर काढला. तिनं उचलून परत लावला. पुन्हा काढला. पुन्हा लावते आहे.
उद्या सकाळी अकरा वाजता कोर्ट.