बस म्हणजे पुरे

ता. ९, मंगळवार, दुपार

उस्ताद,

नमस्कार, वहिनींनाही सांग. आम्ही सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मी मजेत नाही, भयंकर चिडलोय. अक्षर मुद्दाम बोटभर मोठं काढलंय, त्याचं कारण पुढे येईल.

वाढदिवसाला केक कसा हवा, हे विचारायला मी फोन केला. वहिनींनी तुला विचारलं आणि आतून तू ओरडलास, "बस!" मी या कानांनी ऐकलं. बावीस वर्षं ज्याच्या गाडीत घंटी वाजवली तो माणूस 'बस' म्हणाला, तर मी काय समजायचं? केली बस. दोन दिवस खपून केली. दोन लांबट केक जोडले, वर लाल आयसिंग, बिस्किटांची चाकं, लिंबाच्या गोळ्यांचे दिवे. एका खिडकीत वहिनी बसवल्या, मागच्या दारात मी, हातात घंटीची दोरी. बायको म्हणाली, मला कधी एक कप चहा करून दिला नाहीत.

आणि तू? दोन हातांवरून बघून म्हणालास, "पेटी का केलीस रे?" सगळे हसले. मी हसलो नाही. वहिनी म्हणाल्या, अहो, बस आहे ती. मग तू उखडलास. 'बस' म्हणजे 'पुरे' म्हणाला होतास म्हणे, आणि गाडीवरून उतरवलेल्या ड्रायव्हरला मी बस दाखवून चिडवतो म्हणे! वर भरल्या घरात बोललास, "ज्यानं डेपोत माझ्या डोळ्यांची चुगली केली, त्याच्या घशाखाली हा केक उतरू नये."

नाही उतरला. अजून तिथंच आहे.

हो, मीच. पण चुगली म्हणायचं काम नाही, खाली सही करून अर्ज दिलाय. सहा महिने मी प्रत्येक सिग्नलला मागून "लाल", "हिरवा" ओरडत होतो. लोकांना वाटायचं, या दोघांची थट्टा चाललीय. तू कधी विचारलं नाहीस की हा का ओरडतो, आणि मीही विषय काढला नाही. मग लेकीच्या बाळंतपणासाठी मला रजा घ्यायची वेळ आली. तुझ्या गाडीवर दुसरा कंडक्टर येणार. त्याला कोण सांगणार ओरडायला? सकाळच्या फेरीला निम्मी गाडी शाळेच्या पोरांची असते, उस्ताद.

आधी तुला सांगायला हवं होतं. माझा धीर झाला नाही. त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी ऐकून घेईन. अर्जाबद्दल मात्र एक शब्द ऐकणार नाही.

मोतीबिंदू आहे, काढता येतो. शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची दहाची वेळ घेतलीय, तुला न विचारता. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बावीस वर्षांत एक घंटी दिल्यावर तू कधी 'का' म्हणाला नाहीस, आत्ताच कसा म्हणतोस? शुक्रवारी साडेनवाला तुझ्या दाराची बेल दोनदा वाजवीन.

पत्र वाचता आलं नाही तर वहिनींकडून वाचून घे. पण मला चुगलखोर म्हणायच्या आधी, एवढं बोटभर अक्षर का वाचता आलं नाही, ते स्वतःला विचार.

केकचा पुढचा तुकडा, तुझ्या सीटसकट, फ्रीजमध्ये ठेवलाय. कुणाला हात लावू दिलेला नाही.

दोरी धरून उभा असलेला,
तुझाच कंडक्टर