रेशनच्या काट्यावर हिमालय

आरमोरी,
मे महिन्यातली भाजून काढणारी दुपार

आदरणीय नथ्थूमामा यांना भाचा विक्कीचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा लेहच्या थंडीत कसा आहे? मिलिटरीच्या लंगरात उभं राहून हजार पोळ्या करायच्या, म्हणजे गुडघ्याचंही काई चुकत नाई. इथी सारे खुशाल आहेत. म्हणजे आई तिच्या बीपीच्या गोळीसोबत आणि बाबा त्यांच्या रागासोबत. फोन सोडून पत्र काऊन लिहून राह्यलो, असं वाटेल. तुमचा फोन आला की आई स्पीकर लावते आणि अर्धी गल्ली ऐकते. हे गल्लीनं ऐकण्यासारखं नाई.

आईनं तुम्हाले सांगितलंच असेल की मी जुलैमध्ये तुमच्या लेहकडच्या सहा हजार मीटरच्या शिखरावर एकटा चढून राह्यलो. कंपनी नाई, गाइड नाई, आपलं सामान आपल्या पाठीवर. (शिखराचं नाव इथी कोणाच्या तोंडात बसत नाई, म्हणून सारे त्याले 'ते बर्फाचं' म्हणतात.) पण मी हे बोललोच काऊन, ते आईले माहीत नाई. रेशन दुकानवाल्या लच्छूकाकाची रिना तुम्हाले आठवत असेल. दुकान आता तीच पाहते. होळीच्या सुमारास तिले पाहायले चिमूरचा एक पोरगा येऊन गेला. केस कमी, पगार जास्त. मी सरळ दुकानात गेलो आणि भर रांगेत विचारलं, हे काय चालू आहे? तिनं तांदूळ मोजता मोजता म्हटलं, "त्यानं बीएस्सी पूर्ण केली. तू काय पूर्ण केलं आजवर?" मामा, माझं डोकं तुम्हाले माहीत आहे. (कॉलेजही याच डोक्यानं सुटलं. सर एक शब्द बोलले, मी चार बोललो, पाचवा शब्द गेटच्या बाहेर.) नेमका त्याच सकाळी मोबाइलवर एका गिर्यारोहकाचा व्हिडिओ पाहिला होता, तेच तोंडातून निघालं. माझा अंदाज साधा होता. ती घाबरेल, डोळ्यांत पाणी आणेल, 'नको जाऊ' म्हणेल. मी थोडे आढेवेढे घेईन आणि मग मोठ्या मनानं ऐकीन. ती काय म्हणाली माहीत आहे? "किती दिवसाचं रेशन लागेल?"

तेव्हापासून माझ्या मागं लागली आहे ती. रोज दुकान बंद झालं की काट्यावर माझं सामान चढते. वर हवा पातळ असते, डाळ शिजत नाई, हे तिनं कुठून तरी वाचून काढलं आणि आमची लाखोळीची डाळ बाद केली. सातूचं पीठ पास, जवसाची चटणी पास, मोहाचे लाडू माणशी रोज एक. (माणूस मी एकटाच आहे, तरी ती 'माणशी' म्हणते, सवय.) आईनं गुपचूप लोणच्याची बरणी सामानात घातली, ती काट्यानं पकडली. आता आई आणि रिना एकमेकींशी बोलत नाईत, दोघी माझ्यावर ओरडतात. वजन वाचते म्हणून तिनं माझ्या टूथब्रशचा दांडा कापला. मामा, जुलै अजून लांब आहे, पण ब्रश तर मले आजच लागते. मी रोज सकाळी दोन बोटं तोंडात घालून दात घासून राह्यलो. तंबू आहे धान झाकायच्या ताडपत्रीचा. झोपायची पिशवी गादीवाल्या नूर मोहम्मदचाचांनी शिवली. ती घालून पाहा, असा हुकूम झाला. इथं मे महिन्यात सरडाही सावली सोडत नाई, आणि मी कापसात गळ्यापर्यंत पॅक. बाहेर निघालो तर चाचा खुश, म्हणाले, "पाहा, थंडी लागली का?"

मले वाटलं, हे लोक काई अडवत नाईत, सरकार तरी अडवेल. म्हणून सरावाच्या नावाखाली भरलेली पाठपिशवी घेऊन बसनं सूरजागडच्या नक्षली जंगलाकडं गेलो. तुम्ही या जिल्ह्यातलेच. दोरी, ताडपत्री, शिटी, लाल पेन्सिलीनं खुणा केलेला नकाशा आणि इतकं रेशन घेऊन कोणी तिकडच्या जंगलात पायी चालला तर काय होते, ते मी काय सांगू. पोलिसांनी नाक्यावर अडवलंच. साहेबानं पिशवी उपसली आणि विचारलं, "हे रेशन कोणाले पोचवून राह्यला?" मी म्हटलं, "मलेच." हे उत्तर त्या भागात कोणाले पटत नाई. मी मनातून खुश होतो. आता बाबांना बोलावतील, बाबा चिडतील, सारं बंद. पण साहेबानं सातूच्या पिशवीवरचा दुकानाचा नंबर पाहून फोन लावला रिनाले. तिनं एकेका वस्तूचं वजन तोंडपाठ सांगितलं. साहेबानं पडताळून पाहिलं, तर दोन लाडू कमी. (बसमध्ये खाल्ले होते.) तो माझ्यावरच उखडला. "पोरगी एवढी मेहनत करून राह्यली, अन् तू बे, खालीच लाडू खाऊन राह्यला?" जाताना ग्लुकोजचे पुडे दिले आणि जिल्ह्याचं नाव काढ म्हणाला.

आता सारा गाव माझ्या बाजूनं आहे, हाच त्रास. कॉलेज सुटल्यापासून बाबा माझ्याशी फक्त 'बाजूले हो' एवढंच बोलत. तेच बाबा आता चहाच्या टपरीवर 'माझा पोरगा' म्हणतात. चौकात बॅनर लागलं. त्यावर माझा फोटो, मागं बर्फ, आणि खाली ज्यांचे फोटो आहेत त्यातल्या एकालेही मी ओळखत नाई.

आणि मामा, एक गोष्ट कोणाले बोललो नाई. संध्याकाळी काट्याच्या त्या बाजूले ती, या बाजूले मी, मधात सातूची पिशवी. ती 'शंभर ग्रॅम कमी कर' म्हणते, मी उगाच वाद घालतो, ती हसते. असं आजवर कधी झालं नाई. सामान ठरून संपलं की हेही संपेल, आणि चिमूरचे लोक उत्तराची वाट पाहून राह्यले.

मामींना जय भीम कळवा. गुडघ्याले जपा.

तुमचा भाचा,
विक्की

ता. क. : खरं काम हे. तुम्ही बाबांच्या नावानं एक रागाचं पत्र पाठवा, की यंदा काई झालं तरी पोराले पाठवू नका, बर्फ फार आहे, पुढच्या वर्षी पाहू. 'तो तयार आहे, पण डोंगर तयार नाई' असं लिहा, म्हणजे माझी लाज राहील आणि वर्षभर सामान मोजणं चालू राहील.

ता. क. २ : पाकिटासाठी गोंद आणायले दुकानात गेलो होतो. रिनानं चिमूरवाल्यांना 'नाई' असं कळवून टाकलं. लच्छूकाका तिच्याशी बोलत नाईत, तिच्या आत्याबाई रडून राह्यल्या. मी विचारलं, "माझ्यासाठी नाई म्हटलं काय?" ती म्हणाली, "तुझ्यासाठी कशाले? माझ्यासाठी. तुले काई विचारायचं असेल तर वरून येऊन विचार. खालून विचारशील तर उत्तर नाई." मग तिनं रांगेतल्या पुढच्या बाईचा अंगठा घेतला.

म्हणून रागाचं पत्र पाठवू नका. त्याऐवजी एवढंच कळवा, की वर खरंच श्वास घेता येते का. आणि मले घ्यायले या. मी तिथी उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची चौकशी करताना दिसलो, तर तुम्हाले ऐकूच आलं नाई असं करा.