सातशे एमबीची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

सातशे एकोणीस! एकोणीस एमबी जास्त.

सीडीत सातशे मावतात. त्यावर तीळभरही नाही. वाचनालयाला मिळालेले चोवीस संगणक एका कचेरीने भंगारात काढलेले. पेनड्राइव्हवरून सुरू होत नाहीत, डीव्हीडी ओळखत नाहीत, सीडी घातली तरच डोळे उघडतात. म्हणजे लिहिण्याची सोय, छपाई, इंटरनेट, टंकलेखनाचा सराव, चित्रं, गाणी — अख्खी प्रणाली एका सीडीत बसायला हवी. तीन वर्षं तेच करते आहे. लिनक्स ही सगळ्यांना खुली असलेली प्रणाली घेतली, नको ते सोललं, हवं ते जोडलं, या म्हाताऱ्या मशिनांच्या मापाने बेतून शिवलं. नाव ठेवलं ‘पुनश्च’. बावीस तारखेला वाचनालयात द्यायची आहे.

वाढ कुठून झाली ते शोधलं. धाकट्या जावेचा ‘वाचक’. दुसरं कोण!

५ फेब्रुवारी, बुधवार

तिला खाली बोलावलं मीच. आता कोणाला दोष देऊ?

ती वरच्या मजल्यावर राहते. वीस वर्षं बसस्थानकावर सूचना देत होती — फलाट क्रमांक अमुक, गाडी तमुक. निवृत्त झाली आणि दिवसभर दिराच्या मागे भुणभुण सुरू केली. म्हटलं, ये, मागच्या खोलीत बस, काहीतरी शीक. दीड वर्षापूर्वी फाइल कशाशी खातात तेही तिला ठाऊक नव्हतं. आता पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम तिने प्रणालीत जोडला आहे, आणि त्याला आवाज दिलाय स्वतःचा. चार महिने कपड्यांच्या कपाटात बसून अक्षरं, जोडाक्षरं, आकडे रेकॉर्ड करत होती. आवाज घुमू नये म्हणून दाराला ब्लँकेट!

माझ्या मशीनमधून तिचा आवाज येतो.

हे म्हणाले, “‘फाइल जतन झाली आहे’ ऐकलं की मला बॅग उचलून पळावंसं वाटतं!” आणि खो खो हसले. तीन वर्षांत माझ्या कामावर हे एकदाही हसले नाहीत. बरं-वाईट काहीच बोलले नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयात चाचणीसाठी एक संगणक महिनाभर मांडून ठेवला आहे. आज बघायला गेले तर त्याच्यासमोर रांग.

पहिल्या खुर्चीत कंपोझिटर काका. छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवले, आता डोळ्यांपुढे नुसतं धुकं. रोज दहाला येतात, वाचकाकडून वर्तमानपत्र ऐकतात, मध्येच त्याला ओरडतात, “हळू गं बाई, गाडी सुटत नाहीये!”

ग्रंथपालबाई धाकटीचे हात धरून म्हणाल्या, “काय सुंदर काम केलंत हो तुम्ही!” मी शेजारीच उभी, हातात स्क्रू ड्रायव्हर.

“आणि या कोण?” काकांनी विचारलं.

“त्या यांच्या मोठ्या जाऊबाई. आतलं सगळं त्यांनी केलंय.”

आतलं! जसं काही मी आत पोळ्या लाटत होते आणि ही बाहेर पाहुण्यांना वाढत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

शाबासकीची थाप तिच्या पाठीवर. पाठ दुखते माझी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काय काढता येईल त्याची यादी केली. छपाई काढता येत नाही, अर्ज छापायला लोक तिथेच येतात. टंकलेखनाचा सराव नाही. खेळ मागेच काढले. मोठ्या वस्तू दोनच उरल्या. वाचक, सव्वीस एमबी. आणि फोरट्रान या जुन्या संगणकभाषेचा संच, एकतीस.

फोरट्रान मी कॉलेजात शिकले. वर्गात आम्ही दोन मुली. प्रोग्रामच्या ओळी भोकांनी नोंदवलेल्या पंचकार्डांचा गठ्ठा छातीशी धरून जिना चढायचा, पडला तर क्रम लावण्यात दिवस गेला. सरांनी माझा प्रोग्राम सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता. त्यानंतर कोणी, कधी, माझं काय वाचून दाखवलं?

वाचनालयात फोरट्रान कोणीही उघडणार नाही. हे मला माहीत आहे. इथे खोटं लिहून फसवायचं कोणाला?

१५ फेब्रुवारी, शनिवार

“ताई, जागेचं जमलं का?”

“बघते आहे.”

“माझ्यातलं काही कमी करू का? इंग्रजी आकडे काढले तर चार एमबी वाचतील.”

“तू हात लावू नकोस.”

“बरं.” आणि जाताना माझा थंड झालेला चहा उचलून नेला, गरम करून आणून ठेवला. ती एकदा जरी तोंडाला तोंड देती तर भांडण करून मोकळी झाले असते!

१७ फेब्रुवारी, सोमवार

वाचक काढला. सहाशे त्र्याण्णव.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बदलांच्या वहीत कारण लिहिलं : ‘जागेअभावी’. तिला सांगितलं नाही. आज ती तीन तास समोर बसून चोवीस कीबोर्डांच्या कळा कापसाने पुसत होती, तरी सांगितलं नाही. उद्या सांगेन म्हटलं. उद्याही सांगणार नाही, मी मला ओळखते.

प्रणाली मात्र देखणी झाली आहे. तीस सेकंदांत सुरू होते. वीस वर्षांचं मशीन, तीस सेकंदांत!

२२ फेब्रुवारी, शनिवार

दिली. चोवीस पडदे एका वेळी उजळले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालबाईंनी या वेळी माझं नाव आधी घेतलं. ऐकून घेतलं. बरं वाटलं. लिहितेच — फार बरं वाटलं.

मग काका आले. आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले, चाचपून कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. मान जरा वाकडी करून, कान पडद्याजवळ नेऊन थांबले.

“रुसली का आज?”

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. एका क्षणात तिला सगळं कळलं, आणि कळल्याचं मला कळलं. ती खाली वाकून काकांना म्हणाली, “जागा पुरली नाही हो काका. सीडी लहान पडली. ताईंनी पुष्कळ प्रयत्न केला.”

माझी बाजू घेतली! चारचौघांत! त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर चाललं असतं.

काका उठले. “असू दे, असू दे,” म्हणाले, आणि टेबलाची कड धरत दाराकडे गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार

जिन्यात गाठ पडली. तिने आवाज चढवला नाही.

“ताई, एक विचारू? फोरट्रान कोण वापरतं हो?”

“मी वापरते.”

“शेवटचं कधी?”

ती दोन पायऱ्या वर गेली, तिथून म्हणाली, “चार महिने कपाटात बसले होते मी. निदान मला विचारायचं तरी.”

दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खाली आली नाही. बरंच झालं. खोली शांत आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ग्रंथपालबाईंचा फोन. धाकटी सकाळी वाचनालयात जाऊन काकांच्या मशीनमध्ये स्वतःची सीडी घालून आली. प्रणालीचं नाव ‘बोलकी’! आमच्याच ‘पुनश्च’ची प्रत घेतली, फोरट्रान काढलं, वाचक परत घातला, पहिल्या पडद्याचा रंग बदलला. सहाशे अठ्ठ्याऐंशी एमबी.

“कोणाच्या परवानगीने?” मी ओरडले.

“त्या म्हणाल्या, परवानगी लागत नाही. तुम्हीच शिकवलंत म्हणे — हे काम सगळ्यांचं, कोणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं.”

शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी. फार मोठेपणा वाटला होता तेव्हा.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे धाकटीने वेगळी चूल मांडली म्हण की! इतकी वर्षं एका घरात राहून मांडली नाही ती संगणकात मांडली.” आणि पुन्हा हसले. यांना हसायला काय जातं?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वाचनालयातून ‘बोलकी’ची प्रत आणून मागच्या खोलीतल्या दोन मशिनांवर चढवून पाहिली. चुका काढायलाच बसले होते. एकावर वाचक नीट बोलला. दुसऱ्यावर मुका! इतका आनंद झाला की उठून खोलीत एक फेरी मारली.

दुपारपर्यंत कारण सापडलं. जुन्या जातीचं साउंड कार्ड उशिरा जागं होतं. वाचक त्याच्या आधीच बोलायला लागतो, पहिलं वाक्य हवेत जातं आणि मग तो गप्पच बसतो. सुरू होण्याचा क्रम बदलायचा, बस. एक ओळ. तिला हे सापडायला सहा महिने लागतील.

ओळ कागदावर लिहिली आणि उशीखाली ठेवली. चोरासारखी.

तिच्या फायलीही वाचल्या. नीटनेटक्या आहेत. माझ्याहून नीटनेटक्या. तीन ठिकाणी माझा आडवळणी मार्ग काढून तिने सरळ रस्ता केला आहे. तो चुकीचा असता तर किती सोपं होतं.

१ मार्च, शनिवार

ग्रंथपालबाई घरी आल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. “दोन दोन प्रणाली मला सांभाळायला जमणार नाहीत. लोक विचारतात, मी काय सांगू? तुम्ही दोघी बसून ठरवा आणि सोमवारी मला एक सीडी द्या. तुमची सगळीकडे चालते, पण बोलत नाही. त्यांची बोलते, पण चोवीसातल्या नऊ मशिनांवर मुकी आहे. त्या बिचाऱ्या कालपर्यंत दोन दिवस तिथे बसून डोकं फोडत होत्या.”

“मग माझीच ठेवा,” मी म्हटलं.

“तसंच करावं लागेल,” त्या म्हणाल्या. “काकांना काय सांगायचं तेवढं तुम्ही सांगा. मला नाही सांगवत.”

जिंकले म्हणायचं. काही न करता, नुसतं गप्प बसून. जेवताना ह्यांनी दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. वर दिवसभर खुर्ची सरकवल्याचा आवाज येत होता. ती अजून चूक शोधते आहे.

२ मार्च, रविवार

ग्रंथपालबाईंना फोन केला. म्हटलं, चोवीसही मशिनांवर ‘बोलकी’ घाला. नऊ मुकी आहेत ती उद्या बोलतील.

मग उशीखालचा कागद घेऊन वर गेले. इतक्या वर्षांत मी कधी तिचं दार वाजवलं नाही, नेहमी तीच खाली येते.

तिने दार उघडलं. म्हटलं, “तुझ्याकडे माझ्यासाठी काही काम आहे का?”

“आहे. पण मी सांगेन तसं करावं लागेल, ताई.”

चपला दाराबाहेर काढल्या.