मधलं नाव

६ नोव्हेंबर २००६, बाभुळगाव
आले एकदाची! वृद्धाश्रम स्वच्छ, खोली हवेशीर, खिडकीबाहेर वेचणीला आलेली कपाशीची पऱ्हाटी. जिल्ह्यातले सगळे समुपदेशक सध्या आत्महत्या केलेल्या कापूसवाल्यांच्या घरोघरी फिरताहेत. विसराळू म्हाताऱ्यांसाठी उरली कोण, तर नागपूरची निवृत्त प्राध्यापिका. काम मात्र माझ्या आवडीचं. चित्रांची कार्डं दाखवायची आणि त्यांवर गोष्ट सांगायला लावायची. आठवणी गेल्या तरी माणूस आत कुठे शिल्लक आहे, ते गोष्टीतून कळतं. नियम एकच, आपण स्वतः गोष्ट सांगायची नाही.

८ नोव्हेंबर
एकही गोष्ट नाही. मला पाहिलं की सगळ्यांचे ओठ शिवलेले. आणि इथली सेविका पंचफुला, सातवी पास, डोक्याला तेल लावायला बसली की ह्याच म्हाताऱ्या घडाघडा बोलतात! आज मी कार्ड धरून बसले असताना ऐंशीची सुखीबाई तिला म्हणाली, "हे मास्तरीन कायले फोटो दाखवून राह्यली वं? माहं लगन जमवते का?" सगळ्या खिदळल्या. कॉन्व्हेंट शाळेत शिकले, तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, आणि हरले ती तेलाच्या वाटीपुढे.

१० नोव्हेंबर
नियम मोडला. मत्सराने मोडला, उगाच शास्त्राचं नाव कशाला घेऊ! कार्डावर दारात उभे बाई आणि माणूस. सुखीबाईला माझीच गोष्ट सांगितली, माझ्या वारलेल्या नवऱ्याची. नवरा पहिल्यांदा दौऱ्यावर निघाला तेव्हा मी दार अडवलं होतं. त्याला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारली म्हणून सासूबाई तीन दिवस जेवल्या नव्हत्या. सुखीबाईने माझा हात घट्ट धरला. पंचफुला बघत होती. फार बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
सुखीबाईने तेच कार्ड मागून घेतलं. हा माहा माणूस, म्हणाली. मी दार अडवलं होतं, म्हणाली. पुढे म्हणाली, त्याच्या डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग होता, तिथं ती गाल टेकवायची.
डाग होता. मी तो कुणालाही सांगितलेला नाही.
पंचफुला म्हणते, हिचं पाळण्यातलं लग्न, नवरा लहानपणीच वारला, हिनं तो डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही.

१३ नोव्हेंबर
ती रोज सांगते. तो कसा खोकायचा, झोपेत काय पुटपुटायचा. ऐकेपर्यंत मला आठवत असतं. तिनं सांगितलं की — जातं. काल त्याचा आवाज गेला. ती मात्र टवटवीत, केसांत शेवंती. माझ्या नवऱ्यासाठी!

१४ नोव्हेंबर
कार्डं कपाटात कुलूपबंद केली. तिला आता कार्ड लागत नाही.
चेहरा गेला.

१५ नोव्हेंबर
त्याचं नाव — सकाळपासून आठवून बघते आहे. ओळखपत्र काढलं. माझं नाव, आडनाव. मधली जागा कोरी.
सुखीबाईचे पाय धरले. नाव तेवढं सांग म्हटलं. ती फणकारली, "माह्या माणसाचं नाव तुले काहून पाह्यजे?" शिवाय नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसतात म्हणे. मला शिकवते!
पंचफुलाने समजूत घातली. उद्या उखाण्यात घेईल.

१६ नोव्हेंबर, दुपार
सगळ्या जमल्या. सुखीबाई लाजली, पदर सावरला. "पऱ्हाटीले आलं बोंड, बोंडातून फुटला कापूस —" मग दुसरी ओळ. टाळ्या, हसणं. सगळ्यांनी ऐकलं. मला नुसते तिचे ओठ हलताना —

पंचफुला म्हणाली, "आत्ताच तं घेतलं न बाई, एवढ्या मोठ्यानं!" परत सांग म्हटलं. तिनं सांगितलं. दोनदा. तिचेही ओठच —

शेवटी पंचफुला माझा हात धरून लिहवून घेते आहे. एकेक अक्षर.
—
—
ती म्हणते, बरोबर हाय. आता पुढचं